श्रीमंत सयाजीराव महाराज आणि पुस्तकांचीं घरें

विद्यार्थिमित्रहो, पुण्याहून नाशिकास जाणारा हमरस्ता आपल्या मोशीवरून जातो, हें तुम्हांस सांगावयास नको. इंद्रायणी ओलांडली कीं चाकण, पुढें खेड, नारायणगांव, संगमनेर, सिन्नर अशीं गांवें मागें टाकीत तो नाशिकास पोंचतो. नाशिकाच्याही पलीकडे, मालेगांव तालुक्यांत, कवळाणें नांवाचें एक लहानसें खेडें आहे. त्या खेड्यांत ११ मार्च १८६३ रोजीं काशीराव गायकवाड नांवाच्या शेतकरी गृहस्थाच्या घरीं एक मुलगा जन्मास आला. त्याचें नांव गोपाळ ठेविलें. बडोद्याच्या राजघराण्याशीं या कुटुंबाचें दूरचें नातें होतें. पण नात्यानें शेत नांगरलें जात नाहीं, आणि गोपाळचीं पहिलीं बारा वर्षें इतर शेतकऱ्यांच्या मुलांप्रमाणेंच खेड्याच्या शिवारांत गेलीं. लिहिण्यावाचण्याशीं त्याचा संबंध जवळजवळ आलाच नव्हता. याच मुलानें पुढें शेकडो गांवांत पुस्तकांकरितां घरें उभीं करविलीं, आणि त्या घरांचीं दारें सामान्य रयतेस कशीं उघडीं होतील याची चिंता आयुष्यभर वाहिली. त्याच्या राज्यकारभाराच्या इतर गोष्टी पुष्कळांनीं लिहिल्या आहेत. आम्ही येथें मुख्यत्वेंकरून या घरांचीच हकीकत सांगणार आहों.

बडोद्याचे खंडेराव महाराज १८७० सालीं निवर्तले व त्यांचे बंधु मल्हारराव गादीवर आले. त्यांच्या कारभाराविषयीं बोभाटा होऊन १८७५ सालीं इंग्रज सरकारनें त्यांस पदच्युत केलें, आणि खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांस दत्तक घेण्याची परवानगी दिली. काशीराव आपल्या तीन मुलांस, म्हणजे आनंदराव, गोपाळराव व संपतराव यांस, घेऊन बडोद्यास गेले. तेथें मुलांस येण्याचें कारण विचारलें असतां मधल्यानें न डगमगतां आपण राज्य करावयास आलों असें सांगितलें, अशी गोष्ट घरोघर सांगतात. १८७५ च्या मे महिन्यांत दत्तविधान झालें, आणि कवळाण्याचा गोपाळ सयाजीराव या नांवानें राजा झाला.

आतां राजास शिकविणें आलें. बारा वर्षांचा मुलगा, आणि सुरुवात अक्षरओळखीपासून! ज्या वयांत इतर राजपुत्र इंग्रजी पुस्तकें वाचूं लागतात, त्या वयांत हा मुलगा मुळाक्षरें गिरवीत होता. इलियट नांवाचे एक इंग्रज अधिकारी त्याचे शिक्षक नेमले गेले, आणि दिवाण सर टी. माधवराव यांनीं त्यास राज्यकारभाराचे पाठ दिले. मराठी, गुजराथी, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा एकदम शिकावयाच्या होत्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तासांमागून तास चालत. ज्यांस आपल्या शाळेचें वेळापत्रक जड वाटतें त्यांनीं या राजाचें वेळापत्रक एकदां डोळ्यांपुढें आणावें. २८ डिसेंबर १८८१ रोजीं त्यांस राज्याचे संपूर्ण अधिकार मिळाले. वाचनाचा नाद एकदां लागला तो सुटला नाहीं; लक्ष्मीविलास राजवाड्यांत त्यांनीं जमविलेला ग्रंथसंग्रह सुमारें २०,००० पुस्तकांपर्यंत गेला.

आमच्या मतें महाराजांच्या पुढील सर्व शिक्षणकार्याचें मूळ या उशिरा झालेल्या अक्षरओळखीतच आहे. ज्यास अक्षर लहानपणींच, न मागतां मिळालें, त्यास अक्षरावांचून मनुष्य कसा आंधळा असतो हें कळत नाहीं. सयाजीरावांनीं तें अनुभवलें होतें. १८९३ सालीं त्यांनीं अमरेली तालुक्यांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि १९०६ सालीं तो कायदा सगळ्या संस्थानास लागू केला. त्या काळीं हिंदुस्थानांत दुसऱ्या कोणत्याही राज्यकर्त्यानें हें धाडस केलें नव्हतें.

परंतु कायदा करून मुलें शाळेंत आणतां आलीं तरी एक मोठी अडचण उरलीच. कुणब्याचा मुलगा चार यत्ता शिकून बाहेर पडला कीं औतामागें जाई. घरांत छापील कागद नाहीं, गांवांत पुस्तक नाहीं. मग पांचसहा वर्षांनीं त्याच मुलापुढें चार ओळींचें पत्र ठेविलें तर तें वाचून घेण्यास त्यास तलाठ्याकडे जावें लागे. शाळेवर खर्चिलेला सारा पैसा अशा रीतीनें मातीस मिळे. तेव्हां शाळा सुटल्यावर मनुष्यानें जावें कोठें, हा प्रश्न महाराजांपुढें उभा राहिला, आणि त्याचें उत्तर त्यांनीं ग्रंथालय असें दिलें.

तोंपर्यंत आपल्याकडे ग्रंथालयें नव्हतीं असें नाहीं. रत्नागिरीस १८२८ सालीं, अहमदनगरास १८३८ सालीं, नाशिकास १८४० सालीं व पुण्यास १८४८ सालीं वाचनालयें निघालीं होतीं. पुण्याच्या वाचनालयाच्या स्थापनेंत लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचा पुढाकार होता. या संस्थांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांचा उंबरठा ओलांडावयाचा तर वर्गणी भरावी लागे, आणि कपाटांत इंग्रजी पुस्तकांचा भरणा फार असे. त्यामुळें वकील, कारकून, शिक्षक यांची तेथें ये-जा असे, पण बाजारास आलेला शेतकरी त्या पायऱ्या सहसा चढत नसे. घर सार्वजनिक, पण सर्व जन कांहीं त्यांत नव्हते.

१९१० सालीं महाराज परदेशच्या प्रवासांत अमेरिकेस गेले. तेथील शहरांत त्यांनीं जीं ग्रंथालयें पाहिलीं त्यांनीं त्यांचें मन वेधून घेतलें. तेथें वर्गणी नव्हती. मुलांकरितां वेगळी खोली, तिच्यांत मुलांच्या उंचीचीं मेजें. कामकरी दिवसाचें काम आटोपून येत व उजेडांत बसून वाचीत. त्याच काळांत अँड्र्यू कार्नेजी नांवाचे धनिक गांवोगांव ग्रंथालयाच्या इमारतींस पैसे देत होते, पण ती इमारत पुढें चालविण्याचा वार्षिक खर्च गांवानें आपल्या करांतून सोसावा अशी त्यांची अट असे. फुकट मिळालेल्या वस्तूची कोणी निगा राखीत नाहीं, हें त्या व्यापाऱ्यास पक्कें ठाऊक होतें. महाराजांच्या पुढील नियमांतही याच जातीचा विचार दिसतो.

न्यू हेवन येथील एका ग्रंथालयाचे मुख्य, विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन, यांस महाराजांनीं बडोद्यास आणलें. ते १९१० पासून १९१३ पर्यंत तेथें राहिले. इतक्या थोड्या अवधींत त्यांनीं ग्रंथालयांचें स्वतंत्र खातें उभें केलें, १९११ सालीं ग्रंथपालांचें काम शिकविणारा वर्ग काढला, आणि पुस्तकांची वर्गवारी करण्याची पद्धति बसवून दिली. १९१२ सालीं खात्याचें एक नियतकालिक निघालें. त्यांत इंग्रजी, गुजराथी व मराठी असे तीन विभाग असत. बोर्डन परतल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनीं तें काम पुढें नेलें, आणि त्यांच्या मागून न्यूटन मोहन दत्त यांनीं.

आतां त्या पहिल्या घराविषयीं. बडोदें शहराच्या मध्यभागीं मांडवीजवळ गायकवाडांचा जुना सरकारवाडा होता. ज्या वाड्याच्या दारांत भालदार-चोपदार उभे राहत, तो वाडा महाराजांनीं मध्यवर्ती ग्रंथालयास दिला, आणि आपल्या राजवाड्यांतील ग्रंथसंग्रहही तेथें पाठविला. धाकटे बंधु संपतराव यांनीं जमविलेलीं पुस्तकें त्यांत मिळालीं. ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. नवीन घर बांधून लोकांस देणें निराळें, आणि ज्या घराच्या दाराशीं लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या वांकून जोहार केला, तेंच घर त्यांस वाचावयास मोकळें करून देणें निराळें. घोड्यांच्या टापांनीं ज्या चौकाचे दगड झिजले, त्या चौकांतून शाळकरी पोरें पाटीदप्तर घेऊन आंत जाऊं लागलीं.

आंत काय चाले तें पाहूं. वर्तमानपत्रांच्या दालनांत कोणीही यावें व बसावें. पुस्तक घरीं न्यावयास वर्गणी नाहीं. वाचकानें स्वतः मांडणीपाशीं जाऊन पुस्तक हातीं घ्यावें, चाळावें, आवडलें तर न्यावें. मध्यें काउंटर आणि त्यावर कपाळाला आठ्या घालून बसलेला कारकून हा प्रकार शक्य तितका टाळलेला. स्त्रियांकरितां निराळा विभाग होता. त्या काळीं प्रतिष्ठित घरांतील बायका पडद्यांत असत, आणि पुरुषांच्या गर्दींत बसून वाचणें त्यांस अशक्य होतें. या कामीं महाराणी चिमणाबाई यांचा जिव्हाळा मोठा होता. त्यांनीं स्वतः पडदा सोडला, आणि पुढें १९२७ च्या जानेवारींत आपल्या पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें तेव्हां त्याच अध्यक्षस्थानीं होत्या.

मुलांच्या दालनाची गोष्ट तर तुम्हांस विशेष आवडेल. तेथें चित्रांचीं पुस्तकें होतींच, पण त्यांबरोबर बैठे खेळही होते. ग्रंथालयांत खेळ कशास, असें कांहीं वडील मंडळींस वाटेल. पण ज्या घरांत मूल आनंदानें येतें त्या घरांतील पुस्तक तें आज ना उद्यां उघडतेंच. आणि ज्या घरांत त्यास केवळ गप्प बसविण्यांत येतें, त्या घरांतून तें पहिल्या संधीस पळतें. घरांत बैठकीवर पाय ठेवूं न देणाऱ्या पालकांनीं याचा विचार करून पाहावा.

शहराची सोय झाली, पण राज्य खेड्यांत होतें. तेथें महाराजांनीं जो नियम घातला तो असा : गांवानें वाचनालयासाठीं जितकी रक्कम वर्षाला जमविली तितकीच प्रांताच्या पंचायतीनें द्यावी, व तितकीच सरकारनें. खेड्यास ही मदत १०० रुपयांपर्यंत मिळे, कसब्याच्या गांवास ३०० पर्यंत, आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणास ७०० पर्यंत. इमारत बांधावयाची असली तरी हाच हिशेब. तिसरा हिस्सा गांवानें उभा करावा, म्हणजे उरलेले दोन हिस्से बाहेरून येत. या हिशेबांत मोठी दूरदृष्टि आहे. ज्या भिंतीच्या तीन विटांतली एक आपली, त्या भिंतीवर कोणी कोळशानें रेघोट्या ओढीत नाहीं. बहुतेक गांवीं आरंभीं इमारत नसेच. शाळेची ओसरी, धर्मशाळा किंवा देवळाची पडवी यांत एक कपाट ठेवून काम सुरू होई, आणि पुढें गांव जसजसें सरसावे तसतसें स्वतंत्र घर उभें राही.

हें सगळें राजाज्ञेनें झालें असें मात्र समजूं नये. वसो गांवचे मोतीभाई अमीन हे एक शिक्षक. १९०६ सालीं, म्हणजे बोर्डन यावयाच्या आधींच, त्यांनीं मित्रमंडळांच्या रूपानें गांवोगांव वाचनालयें काढण्याचा उपक्रम हातीं घेतला होता. पुढें ग्रंथालय खात्यानें त्यांस आपल्या कामांत घेतलें, आणि त्यांनीं खेडोपाडीं पायपीट करून तिसऱ्या हिश्शाकरितां लोकांचीं मनें वळविलीं. गुजराथेंत आजही ग्रंथालयांचें नांव निघालें कीं मोतीभाईंचें नांव प्रथम घेतात. राजानें नियम केला खरा. पण पावसांत चिखल तुडवीत गांवांत जाऊन पाटलाच्या ओट्यावर बसणारा माणूस नसता, तर तो नियम दप्तरांतच राहिला असता.

ज्या गांवीं तेवढेंही जमत नसे त्यांच्यासाठीं फिरत्या पेट्या होत्या. सागवानी लांकडाची मजबूत पेटी, तींत पंधरापासून तीस पुस्तकें. ती रेल्वेनें वा गाडीनें गांवीं जाई, आणि भाडें खातें सोसी. वाचून झाल्यावर ती परत येई व दुसरी जाई. पेटी आली कीं संध्याकाळीं माणसें जमत, आणि एकानें वाचावें व इतरांनीं ऐकावें असें चाले. आपल्या देहू-आळंदीच्या परिसरांतील मंडळींस हें नवें वाटणार नाहीं. देवळांत पोथी लागते तेव्हां वाचणारा एक आणि ऐकणारे शंभर असतात. अक्षरशून्य आजीसही रामविजयांतील कथा त्यामुळेंच तोंडपाठ असते. त्याच जुन्या संवयीवर बडोद्याच्या पेटीनें शेतीची, आरोग्याची, देशोदेशींची पुस्तकें नेऊन बसविलीं. ज्यांस वाचतांच येत नाहीं त्यांच्यासाठीं खात्याचा एक निराळा विभाग जादूच्या दिव्याचीं चित्रें व सिनेमा घेऊन गांवोगांव फिरे. खेळ उघड्या मैदानांत होत, आणि ते फुकट असत. गुजराथी व मराठी पुस्तकेंच मुळांत थोडीं, ही अडचण लवकरच ध्यानांत आली. म्हणून महाराजांनीं दोन लक्ष रुपयांचा निधि वेगळा काढला, आणि त्याच्या व्याजांतून दोन्ही भाषांत साहित्यमाला व मुलांसाठीं ज्ञानमाला प्रसिद्ध होऊं लागली. संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह झाला, १९१५ च्या सुमारास त्यांची ग्रंथमाला निघाली, व १९२७ सालीं त्यांसाठीं प्राच्यविद्या मंदिर स्थापन झालें. पण तो विषय पंडितांचा, आपण पुढें जाऊं.

येथें एक कटु गोष्ट सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होणार नाहीं. सत्ता हातीं येतांच थोड्याच काळांत महाराजांनीं अस्पृश्य मुलांसाठीं शाळा काढल्या होत्या. त्या शाळांत शिकवावयास सवर्ण हिंदु शिक्षक येईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. राज्याच्या संस्थांत जातिभेद मानूं नये हें त्यांचें धोरण होतें. १९१३ सालीं त्यांनीं भीमराव आंबेडकर या तरुणास शिष्यवृत्ति देऊन अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत पाठविलें. तेथील ग्रंथालयांत या तरुणानें दिवसच्या दिवस काढले. १९१७ सालीं करारानुसार बडोद्याच्या नोकरींत ते रुजू झाले. परंतु त्या सबंध शहरांत त्यांस राहावयास एक खोली मिळाली नाहीं. पारशी धर्मशाळेंत नांव बदलून ते उतरले, आणि ओळख पटतांच लोकांनीं त्यांस बाहेर काढलें. कचेरींत शिपाई कागद दुरून फेकीत. अखेर त्यांस नोकरी सोडून मुंबईस परतावें लागलें. ज्या शहराच्या मधोमध राजानें आपला वाडा पुस्तकांकरितां उघडला होता, त्याच शहरांत, राजाच्याच पैशानें शिकलेला विद्वान एका झाडाखालीं अश्रु ढाळीत बसला. राजा दार उघडूं शकतो. शेजाऱ्याचें मन उघडणें त्याच्या हातीं नसतें. महाराजांनीं या बाबतींत अधिक कठोर व्हावयास पाहिजे होतें असें आम्हांस वाटतें. ते वर्षांतील पुष्कळ काळ प्रकृतीच्या कारणानें युरोपांत असत, आणि राजा दूर असला म्हणजे कचेऱ्या जुन्याच चाकोरींतून चालतात. डॉ. आंबेडकरांनीं पुढें मुंबईस दादर येथें घर बांधलें तें आपल्या ग्रंथसंग्रहास पुरेसें होईल असें पाहून बांधलें, ही गोष्ट या संदर्भांत आठवते.

सरकारवाडा हळूहळू पुस्तकांस अपुरा पडूं लागला. १९३१ सालीं मांडवीनजीक मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत झाली. तिच्यांतील पुस्तकांच्या भागाची रचना पाहण्यासारखी आहे. अमेरिकेंतील स्नीड कंपनीच्या पोलादी मांडण्या एकावर एक मजल्यांनीं उभ्या आहेत, आणि मजल्यांच्या मधली जमीन जाड कांचेची आहे. वरून येणारा उजेड कांचेंतून झिरपत खालच्या मजल्यापर्यंत जातो. त्यामुळें पुस्तकांच्या दाटींतही मनुष्यास ग्रंथाच्या पाठीवरचें नांव दिसावें अशी योजना आहे. लांकूड नाहीं, म्हणून आगीचें व वाळवीचें भय कमी. कांचेवरून चालतांना पाय जरा बिचकतो, पण ती भक्कम आहे. त्याच १९३१ सालीं मद्रासेकडील एस. आर. रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पांच नियमांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुस्तक हें वापरण्यासाठीं आहे, हें सूत्र त्यांनीं शास्त्राच्या पायावर मांडलें. बडोद्याच्या पेट्या तेंच वीस वर्षें गाड्यांवरून गांवोगांव नेत होत्या.

६ फेब्रुवारी १९३९ रोजीं मुंबईस महाराजांचें देहावसान झालें. मोतीभाई अमीन हेही त्याच वर्षीं गेले. १९४९ सालीं बडोदें संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें, व १९६० पासून तें शहर गुजराथेंत आहे. आपल्या महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीं झाला. मांडवीची ती इमारत सरकारी ग्रंथालय म्हणून उभी आहे, आणि तिच्या कांचेच्या मजल्यांवर पुस्तकांच्या रांगा आहेत.